सारिकाची परात

दसरा झाला की आमच्या तिसगावच्या रस्त्याचा आवाज बदलतो. एरवी एसटी जातात, जीप जातात, कांद्याचे टेम्पो जातात, त्यांचं काही वाटत नाही. पण दसऱ्यानंतर त्यात ट्रॅक्टरचा एक जड, दमादमानं येणारा आवाज मिसळतो. एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या. ट्रॉलीत बाजरीची पोती, पत्र्याच्या पेट्या, राहायच्या कोपीसाठी, म्हणजे झोपडीसाठी, बांबू अन् ताडपत्री, घागरी, एखादी शेळी, अन् त्या सगळ्याच्या वर बसलेली माणसं. पाथर्डीकडच्या वाड्यावस्त्यांवरून ऊस तोडायला निघालेल्या टोळ्या. आता ही माणसं उन्हाळा लागल्यावरच परतायची. तोवर वस्तीवर म्हातारी माणसं अन् शाळेतली पोरं.

यंदाही परवा सकाळी तो आवाज आला. मी ओट्यावर बसून पणत्यांना रंग देत होते. तूर पिवळी झालेली, वारं जरा कोरडं झालेलं, लोहाराकडं कोयत्यांना धार लावायची गर्दी. तापलेलं लोखंड पाण्यात बुडवल्यावर एक वास येतो, तो वाऱ्याबरोबर इथपर्यंत येतो. त्या वासाला नाव नाही, पण तो आला की माझ्या डोक्यात एकच साल येतं. सारिकाच्या कॉम्प्युटरनं, आमच्या भाषेत मशीननं, मान टाकली होती ते साल.

सारिका माझी सून. शेवगावकडची. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात अन् सासऱ्याला मामा, तशी ती आम्हाला हाक मारते. लग्नानंतर वर्षभरात तिनं आमच्या पुढच्या खोलीला शटर बसवून घेतलं अन् दुकान टाकलं. फोटो, लग्नपत्रिका, बारशाचे बॅनर, शाळेचे ऑनलाईन अर्ज. कुणाकडं जाऊन शिकली म्हणाल, तर टायपिंगचा एक क्लास, बाकी सगळं मोबाईलवर बघून बघून. भाकरी तव्यावर टाकायची, मोबाईल डब्याला टेकवायचा अन् उलथनं हातात धरून ऐकत राहायचं. मी विचारायचे, काय सांगतोय गं तो. ती म्हणायची, आत्या, फोटोतला माणूस कापायचा कसा ते सांगतोय. मला ते ऐकून कसंसंच व्हायचं.

पण तिच्या त्या कापण्यातूनच आमच्या गावात एक रीत पडली. कुणी ठरवून पाडली नाही. एका टोळीतल्या बाईनं एकदा विचारलं, की आमी दोघं जातो, पोरं आजीपाशी ऱ्हात्यात, तर आमा सगळ्यांचा एकत्र फोटो हुईल का. एकत्र बसलेला फोटो कुणाकडंच नव्हता. नवरा एका लग्नातल्या फोटोत, बायको दुसऱ्या, पोरं शाळेच्या. सारिकानं एकेकाला वेगळं काढलं अन् एका घरापुढं उभं केलं. बाईनं तो फोटो प्लॅस्टिक चढवून घेतला अन् सासूच्या घरात पोरांच्या उंचीवर लावला. दुसऱ्या साली दहा बाया आल्या. मग दर साली दसरा ते दिवाळी आमच्या ओट्यावर रांग लागायला लागली. ज्यांना जायचंय ती माणसं जाण्याआधी आपला फोटो मागं ठेवून जातात, ही आता पद्धतच झाली.

मला ते काम बघायला फार आवडतं, अजूनही. पडद्यावर आधी नुसतं घर असतं. मग एक म्हातारी येते, पायरीवर बसते. मग एक पोरगा येतो, तरंगत तरंगत, अन् म्हातारीशेजारी टेकतो. मग बाप येतो. सारिका त्याला उंदरानं धरून हलवते, थोडा मोठा करते, थोडा लहान करते, पाय जमिनीला टेकले की सोडते. त्याच्या पायाशी सावली टाकते. सावली पडली की माणूस खरंच तिथं उभा होता असं वाटतं. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, तिचं तिनं शोधलं होतं.

तर त्या साली मशीन अडायला लागलं. तसं ते जुनंच, कुठल्यातरी ऑफिसातून निघालेलं, पण इमानानं चाललं होतं. झालं असं, की लोकांचे मोबाईल चांगले आले. फोटो स्वच्छ यायला लागले अन् जडही व्हायला लागले. म्हातारी यायची, पोरगा यायचा, अन् बाप यायच्या वेळी पडदा थिजायचा. बाण हलेना, काही उमटेना. सारिका हात मांडीवर ठेवून बसून राहायची. समोर माणसं उभी. कधीकधी सगळं बंद करून पुन्हा म्हातारीपासून सुरुवात.

माझा मुलगा नितीन सुप्याला कंपनीत आहे. तिथंच खोली घेऊन राहायचा अन् शनिवारी घरी यायचा. त्याचं बऱ्याच दिवसांचं म्हणणं होतं की सारिकानं सुप्याला यावं, दुकानात काही राहिलेलं नाही. मशीन अडायला लागल्यावर त्याला जोर आला.

"ते डबडं भंगारात घाल," तो म्हणाला. "किती दिवस त्याच्यापुढं हात जोडून बसणार?"

"डबडं न्हाई ते. त्याला फक्त रॅम कमी पडती."

"आज रॅम, उद्या दुसरं काहीतरी."

"टोळ्या जाईस्तोवर थांबा," सारिका म्हणाली. "तोवर हे नीट चाललं न्हाई, तर मी शटर खाली ओढती अन् येती सुप्याला. पुन्हा नाव काढणार न्हाई."

तिनं हे अगदी शांतपणे सांगितलं. ठरलं. मी आत भाकरी थापत होते, माझा हात थांबला. सून गेली तर घर रिकामं होईल हे तर होतंच. पण मला दिसत होतं ते त्या खुर्चीत बसलेल्या सारिकाचं तोंड. काम जमलं की ती खालचा ओठ दातात धरते. ते तोंड सुप्याच्या खोलीत कुठं दिसणार होतं?

तिला मी विचारलं, अगं, मशीनमधी एवढे फोटो मावतात, मग जागा कमी कशी? तेव्हा तिनं मला जे सांगितलं ते मी आजही दुसऱ्यांना सांगते.

"आत्या, आपल्या कोठीत बाजरी किती हाय?"

"वर्षाची हाय."

"अन् परात?"

"परात काय, ही एवढी."

"मग हार्डडिस्क म्हणजे कोठी. फोटो तिथं पडून ऱ्हात्यात, हजारो. पण काम करायला काढायचं ते परातीत. परात एवढीशी असली तर कोठी भरलेली असून काय करता? पीठ भाईर सांडतं. रॅम म्हणजे परात."

मी परातीकडं बघितलं. चाळीस वर्षं तिच्यात पीठ मळते आहे, पण ती इतकी महत्त्वाची आहे हे मला त्या दिवशी कळलं.

पुढच्या शनिवारी नितीन येताना एक पट्टी घेऊन आला. कंपनीतल्या मित्राकडं पडून होती. मित्र म्हणाला, आठ जीबीची आहे, दणकून चालेल. चंदेरी पिशवीत होती. मी पहिल्यांदाच रॅम बघितली. हिरवी पट्टी, बोटभर रुंद, वीतभरही लांब नाही, वर काळ्या फरशा बसवल्यासारखे चौकोन, अन् खालच्या काठाला ओळीनं सोनेरी दात. बोरमाळेच्या मण्यांसारखे सारखे. मी म्हटलं, हे तर दागिन्यांच्या दुकानात शोभेल.

नितीननं कॅबिनेट उघडलं, पट्टी खाचेवर धरली अन् दाबायला लागला. बसेना. अजून दाबलं. सारिकानं पटकन त्याचं मनगट धरलं.

"थांबा. ही त्याची न्हाई."

"रॅम रॅमच असती की."

"ह्या दातांमधी एक फट हाय बघा. जिथं फट, तिथं खाली स्लॉटमधी एक उंचवटा पाहिजे. तुमची फट जरा सरकलेली हाय. ही नव्या जातीची, डीडीआर फोर हाय, आपला बोर्ड जुन्या डीडीआर थ्रीचा. कितीबी दाबा, बसणार न्हाई. बोर्ड मोडंल."

फरक किती होता म्हणाल, तर ज्वारीच्या दाण्याएवढा. मला तर दिसलाही नाही आधी. पण ज्यानं कुणी ती फट तिथं ठेवली असेल, त्याचं मला फार कौतुक वाटलं. चुकीची वस्तू चुकीच्या जागी बसूच नये, अशी सोय त्यानं वस्तूच्या अंगातच करून ठेवली होती. माणसाच्या बाबतीत अशी फट असती तर किती लग्नं वाचली असती, असं मी म्हटलं, तर आमचे हे, म्हणजे माझे मालक, खाटेवरून म्हणाले, "आपलं मंग बसलं कसं?"

"दाबून दाबून," मी म्हटलं.

मग सारिकानं स्वतः बसून सगळं बघितलं. दुपारच्या उन्हात कॅबिनेट ओट्यावर घेतलं. मी जवळ सरकले तर म्हणाली, आत्या, नायलॉनचं पातळ नेसून हात लावू नका, त्या कापडातली वीज लागती त्याला. आतली धूळ मऊ फडक्यानं काढली. जुनी पट्टी बाहेर घेतली, तिच्यावरचा बारीक नंबर वाचला, मोबाईलमध्ये फोटो काढला. बोर्डाचा नंबर शोधला अन् त्या बोर्डाला एका स्लॉटमध्ये जास्तीत जास्त किती चालते तेही काढलं. दोन स्लॉट होते, एक रिकामाच होता. इतकी वर्षं ते मशीन एक हात खिशात घालून काम करत होतं म्हणायचं. आतली विंडोजसुद्धा जादा मेमरी ओळखणारी आहे ना, ते तपासलं. ती बघत होती अन् मी तिच्याकडं बघत होते. आमच्याकडं बैल घेताना माणसं असं बघतात. दात, खूर, वशिंड, चाल, सगळं. घाई नाही, बोलणं नाही.

मी तिला एकच सांगितलं, की जुनी पट्टी बरोबर घेऊन चल. मोटारीचा वायसर आणायचा तर जुना वायसर खिशात घालून जायचं, ब्लाऊजपीस आणायचं तर साडीचा पदर पिशवीतून बाहेर काढायचा, हे मला ठाऊक होतं. तोंडी सांगितलेला रंग घरी येईस्तोवर बदलतो. ती हसली अन् म्हणाली, बरोबर हाय आत्या. नितीनची पट्टी मित्राला परत द्यायला कागदात बांधली अन् तिची चंदेरी पिशवी आमच्या जुन्या पट्टीला घेतली. त्या पिशवीत ठेवलं की वीज लागत नाही म्हणे. चुकीच्या पट्टीचा तेवढा उपयोग झाला.

आम्ही दोघी एसटीनं नगरला गेलो. नगरचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, पाटीवर तसं लिहिलेलं असतं, पण कंडक्टरला सांगताना तोंडातून नगरच जातं. करंजीचा घाट उतरताना समोरून रिकाम्या ट्रॉल्या येत होत्या, टोळ्या भरून न्यायला. सारिका खिडकीतून त्या मोजल्यासारखं बघत होती. पर्स तिनं दोन्ही हातांनी धरली होती.

माळीवाड्याला उतरून एका बोळात गेलो. दुकान एवढंसं, जावेदभाई म्हणून चाळिशीचा माणूस, कपाळावर चष्मा. पहिल्या दोन दुकानांत, आता ती जुनी मेमरी कुठं मिळते, नवीन मशीन घ्या, असं ऐकून आलो होतो. सारिकाचा चेहरा उतरला होता. जावेदभाईनं मात्र आधी स्टूल पुढं केलं.

"बसा मावशी. ताई, बोला. मशीन कोणतं?"

सारिकानं सांगितलं. बोर्डाचा नंबर सांगितला. जुनी पट्टी काढून पुढं ठेवली. चष्मा कपाळावरून नाकावर आला.

"वा. गिऱ्हाईक येतं अन् म्हणतं, आठची द्या. मी म्हणतो, बूट घ्यायला आलास, पाय घरी ठेवून आलास का? तुम्ही पाय घेऊन आलात."

त्यानं एक खोका उघडला. खोक्यात जुन्या मशीनमधून काढलेल्या पट्ट्या, ओळीनं, पत्रिकांच्या गठ्ठ्यासारख्या उभ्या. त्यातल्या दोन काढून त्यानं काउंटरवर ठेवल्या. दोन्ही आठच्या, दोन्ही डीडीआर थ्री, स्पीडही आमच्या पट्टीएवढाच. मला तर जुळ्या बहिणी वाटल्या. सारिकानं दोन्ही काठांना धरून उचलल्या, वळवल्या, पुन्हा ठेवल्या.

"ही चालणार न्हाई ना?" एका पट्टीवर बोट ठेवून ती म्हणाली. "हिच्यावर एक चौकोन जास्ती हाय. ही सर्व्हरची असंल."

जावेदभाई हसला. "अहो, ती मी वेगळीच काढून ठेवायची म्हणत होतो, खोक्यात राहिली बघा. ताई, तुम्ही शेजारी दुकान टाकू नका बरं का. मला इथून उठावं लागेल."

"आमचं दुकान तिसगावात हाय," सारिका म्हणाली. तेव्हा तिचा आवाज जरा ताठ झाला, अन् मला तिची पाठ थोपटावीशी वाटली.

त्यानं नुसती विकली नाही. स्वतःच्या एका बोर्डावर आमची जुनी अन् ही, दोन्ही शेजारी बसवल्या. मी उठून बघायला गेले. पट्टी खाचेत उभी ठेवली, दोन्ही अंगठ्यांनी वरून दाबली, अन् दोन टोकांना दोन पांढरे चिमटे होते ते आपोआप आत वळले अन् पट्टीला धरून बसले. खट. तान्ह्या पोराच्या तळहातावर बोट ठेवलं की ते मूठ मिटतं, तसे. "दोघींचं जमतंय का बघतो," जावेदभाई म्हणाला. पडद्यावर बारा असा आकडा आला. आधीचे चार अन् हे आठ. त्यानं अजून थोडा वेळ चालू ठेवून बघितलं, चहा मागवला, मग म्हणाला, घेऊन जा. वापरलेली आहे, पण बिघडली तर माझ्याकडं यायचं.

परत येताना सारिकानं पर्स मांडीवर ठेवली होती, अन् घाटाच्या प्रत्येक वळणाला तिच्यावर हात ठेवत होती. नितीनचा फोन आला. तो त्या दिवशी सुट्टी काढून घरी आला होता. मिळाली का, एवढंच विचारलं. मिळाली, एवढंच तिनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठी टोळी निघायची होती. त्यांचे फोटो अर्धे राहिले होते.

घरी आलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. ओट्यावर बाया बसलेल्याच होत्या. सारिकानं चंदेरी पिशवी टेबलावर ठेवली अन् हातपाय धुवायला गेली. मी चहा ठेवला. मग ती आली, कॅबिनेट उघडलं, दोन्ही पट्ट्या बसवल्या. दोन्ही वेळा खट झालं. बटण दाबलं.

पंखा फिरला, दिवा लागला. पडदा काळाच. अन् आतून मशीन ओरडायला लागलं. टीं, टीं, टीं, थांबेचना. सारिकानं बंद केलं, पुन्हा चालू केलं. तेच. नितीन दारात उभा होता. ओट्यावरच्या बाया माना वळवून आत बघायला लागल्या. मथाबाई म्हणून एक बाई होत्या, त्या उठून उभ्या राहिल्या अन् म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे गं पोरी. पुढल्या साली काढू."

पुढल्या साली शटर वर असणार होतं का, हे मथाबाईंना माहीत नव्हतं. सारिकाला माहीत होतं. ती खुर्चीवर बसली अन् मशीनकडं बघत राहिली. मी म्हटलं, चहा घे. तिनं ऐकलं नाही. मग ती हळूच म्हणाली, स्वतःशीच, "तिथं तर चाललं होतं."

ती उठली. वायर काढली. नवी पट्टी बाहेर घेतली, अन् तिच्या बोटाला पिवळं लागलं. तिनं बोट बघितलं. पट्टी उलटी केली. पाठीमागच्या बाजूनं, सोनेरी दातांवर, एका टोकाला हळद अन् एका टोकाला कुंकू. ओलं करून, नीट, बोटानं लावलेलं.

सगळ्यांनी खाटेकडं बघितलं.

"मामा," सारिका म्हणाली, "हे तुमी लावलं?"

आमचे हे सरळ बसले. "व्हय. नवी वस्तू हाय. तशीच कशी बसवायची?"

आता त्यांचं काही चुकलं होतं असं मी म्हणणार नाही. आमच्या घरात फवारणीचा पंप आला तेव्हा त्याला हळदकुंकू लावलं. मोटारसायकल आली तेव्हा लावलं. मिक्सर आला तेव्हा माझ्या आधी त्याला लावलं. वस्तू घरात येते ती कष्टाला येते, मग तिचा मान नको का? अन् ही तर सारिकाची वस्तू, जिच्यावर सगळं अडलेलं. सारिका हातपाय धूत होती अन् मी चहा ठेवत होते तेवढ्यात त्यांनी देवघरातली हळदकुंकवाची कुयरी आणून काम उरकलं होतं.

"पण अण्णा, मागनं कशाला?" नितीन बापाला म्हणाला.

"म्होरं कागद चिकटवलाय त्यावर नंबर हाय. कुंकवानं नंबर पुसला असता म्हंजे?"

एवढी काळजी त्यांनी घेतली होती. "अन् सोनं दिसलं, म्हणलं इथंच लावावं," असं ते पुढं म्हणाले, तेव्हा सारिकाला हसू फुटलं. मला भीती होती की ती रडेल, पण ती हसली, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत, अन् मग ओट्यावरच्या बायाही हसायला लागल्या. मथाबाई म्हणाल्या, "म्हंजे मिशिनला कुंकू सोसंना व्हय?"

हसू ओसरल्यावर सारिका कामाला लागली, तेव्हाची सारिका मला विसरता येत नाही. खोडरबर मागितलं, शाळेतलं, पांढरं. नितीन एखाद्या पोराचं दप्तर शोधत शेजारी गेला अन् रबर घेऊन आला. पट्टी टेबलावर आडवी धरून तिनं एकेका दातावरून रबर वरून खाली ओढलं, पुन्हा पुन्हा, हलक्या हातानं. लाल उतरलं, पिवळं उतरलं, खालून सोनं वर आलं. स्लॉटमध्येही कुंकवाचे कण गेले होते. नितीन वाकून फुंकर घालायला गेला.

"तोंडानं फुंकू नका. ओल जाती आत."

मग काय करायचं? तिनं माझ्याकडं बघितलं. "आत्या, पणत्यांचा नवा ब्रश हाय का? रंगात न बुडवलेला?"

होता. त्या कोरड्या ब्रशानं तिनं खाचेतले कण एका टोकाकडं आणले अन् उचलून घेतले. मी दिवाळीला त्याच ब्रशानं पणत्या रंगवल्या. तो अजून माझ्याकडं आहे, केस झडलेत त्याचे.

पट्टी पुन्हा बसली. खट. बटण दाबताना तिनं खालचा ओठ दातात धरला. एकदाच टीं झालं, अन् पडदा उजळला.

"बारा?" नितीननं विचारलं.

"बारा."

त्यानं मान हलवली. पुढं सुप्याबद्दल एक शब्दही बोलला नाही. आत गेला, हात धुतले, कागद कापायचं यंत्र पुढं ओढलं अन् फोटोंच्या कडा कापायला बसला. मला वाटतं, नवऱ्यानं कौतुक करायची ही एक फार चांगली पद्धत आहे.

मग जे झालं ते बघण्यासारखं होतं. म्हातारी आली, पायरीवर बसली. पोरगा आला. बाप आला. आई आली. चुलता आला, चुलती आली. सगळे एकाच वेळी पडद्यावर उभे, अन् मशीन हूं की चूं करेना. जणू त्याला कुणी मोठी परात दिली होती अन् ते आता दोन्ही हातांनी मळत होतं. सारिका उंदीर हलवेल तशी माणसं लगेच सरकत होती, थांबत नव्हती, थिजत नव्हती. ओट्यावरून बाया एकेक करून आत येत होत्या, आपलं माणूस पडद्यावर आलं की खुर्चीच्या पाठीला धरून वाकत होत्या.

मथाबाईंचा नवरा बैलगाडी घेऊन आधीच कारखान्यावर गेला होता. त्यांच्याकडं त्याचा एकच फोटो, मोबाईलमधला, कपाळाला आठ्या. मुलगी कोमल आजीपाशी राहणार होती. सारिकानं तिघांना घरापुढं उभं केलं, कोमल मधे, बापाचा हात तिच्या डोक्यावर येईल असा.

"ह्यांला जरा हसतं कर की," मथाबाई म्हणाल्या.

"ते न्हाई जमत मावशी."

"मंग ऱ्हाऊ दे. घरी बी आसंच असत्यात."

दिवेलागणीला शेवटचा फोटो कागदावर आला. सकाळी टोळी निघाली तेव्हा ट्रॅक्टर आमच्या दुकानापुढं क्षणभर थांबला. वरून कुणीतरी हात केला. सारिकाचं शटर तेव्हा अर्ध्यावर होतं. तिनं ते पूर्ण वर ढकललं.

त्याला आता काही वर्षं झाली. नितीन जाऊन येऊन करतो. दुकानात अजून एक मशीन आलं आहे, पत्रिकांसाठी. पण फोटोचं काम अजून त्या जुन्यावरच. खंडेनवमीला आमचे हे अजून त्याची पूजा करतात. सारिकानं कॅबिनेटच्या वरच्या पत्र्यावर मार्करनं एक गोल काढून दिला आहे. मामा, कुंकू इथं. ते अगदी गोलाच्या आत लावतात, रेषेबाहेर जाऊ देत नाहीत, अन् येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, की आत लावलं तर त्याला सोसत न्हाई.

परवा ट्रॅक्टरचा आवाज आला तेव्हा मथाबाई ओट्यावरच होत्या. हातात कोमलचा शाळेतला नवा फोटो.

"आजून तीच भिताडावर हाय, बारकी," त्या म्हणाल्या. "पोरगी तेवढी नवी टाक गं सारिका. आमी हाय तसंच ऱ्हाऊ दे."

सारिकानं जुना फोटो उघडला. एका क्षणात उघडला. आठ्या पडलेला बाप, पदर डोक्यावर घेतलेली आई, मधे दोन वेण्यांची पोर. तिनं ती पोर अलगद उचलली अन् नवी कोमल तिथं आणली. नवी कोमल नववीतली. बापाच्या खांद्याच्या वर गेलेली. त्याचा हात आता तिच्या डोक्यावर पोचेना. घराच्या दारात तिघं दाटीनं उभी राहिली, अन् कोमलचं डोकं चौकटीला लागायला लागलं.

मथाबाई पडद्याजवळ वाकल्या. मग हळूच विचारलं, "जागा हाय का गं तिला?"

"लई हाय," सारिका म्हणाली, अन् घराचं दार मोठं करायला घेतलं.